चार सांगून मेलेला दुभाष्या

१

सोमवारी सकाळी साडेआठला मी छापखान्यात पाऊल टाकलं तेव्हा आमचा दुभाष्या मेलेला होता, आणि त्याला मारणारी म्हणून माझं नाव पक्कं झालेलं होतं. मी अजून पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती!

आमचा छापखाना ब्रेलचा. शाईबिई काही नाही. जाड कागदावर ठिपके उठवायचे, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशी मुलं ते बोटांनी वाचतात. ठिपके उठवणाऱ्या मशीनला संगणक हुकूम सोडतो. ते हुकूम एका छोट्याशा भाषेत लिहिलेले असतात आणि ती भाषा ओळ ओळ वाचून मशीनला समजावणारा जो प्रोग्राम आहे, त्याला आम्ही सगळे दुभाष्या म्हणतो. तो बंद, तर मशीन म्हणजे नुसतं दीड टन लोखंड.

"पेपरच्या फाईलवर डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडते आणि मिटते," आमचा संगणक दुरुस्त करणारा म्हणाला. त्याच्या गळ्यात कायम दोन-चार वायरी लोंबत असतात म्हणून त्याला सगळे वायरमास्तर म्हणतात. "एक अक्षर बोलत नाही. दोनदा काढून नव्यानं टाकला. नवासुद्धा तसाच मरतो."

साहेब हाताची घडी घालून उभे होते. "बोला बाई," ते मला म्हणाले. "काय करून ठेवलंत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगते, त्यांना तसं वाटावं अशी सोय मीच केली होती. शुक्रवारी आमचं जोरदार वाजलं होतं. वेळ कमी आहे, तेव्हा गणिताचा पेपर मास्तरांना तपासायला न देता तसाच पाठवा, असं साहेबांचं म्हणणं. मास्तर म्हणजे आमचे मुद्रितशोधक. ते स्वतः जन्मापासून पाहू शकत नाहीत, पण त्यांच्या बोटाखालून चुकीचा ठिपका सुटत नाही. मी म्हटलं, एक ठिपका उठला नाही तर सातचे आठ होतात, पोरांचं वर्ष जाईल. साहेब म्हणाले, तुम्ही मशीन चालवा, बाकीचं मी बघतो. त्यावर मी सगळ्यांसमोर ओरडले, "सोमवारी मशीन माझ्याशिवाय चालवून दाखवाच!" आणि पाचच्या ठोक्याला पाय आपटत घरी गेले.

आता सोमवार उजाडला होता आणि मशीन चालत नव्हतं.

"चार वाजता पेपर न्यायला गाडी येणार," साहेब म्हणाले. "तोवर छापून झाले नाहीत तर तुमच्या नावानं तक्रार जाईल. नोकरी तर जाईलच. पुन्हा कुठल्या छापखान्याच्या दारातसुद्धा उभं करणार नाहीत तुम्हाला. पास द्या इकडे."

मी पास दिला. अकरा वर्षं मी त्या मशीनवर काढली होती. त्यांच्यासमोर रडायचं नाही एवढं मात्र मी ठरवलं होतं. बाहेर जिन्यात जाऊन मी घरी फोन लावला. तो दुभाष्या जिनं वीस वर्षांपूर्वी लिहिला, तिला.

म्हणजे माझ्या सासूबाईंना.

२

आईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आता त्या कुंड्यांमध्ये टोमॅटो लावतात आणि शेजारणीशी त्यावरून स्पर्धा करतात. फोनवर मी सगळं एका दमात ओकले. त्या एवढंच म्हणाल्या, "कोणाला काही पुसू देऊ नकोस. आणि तू तोंड बंद ठेव. जमेल का?"

दहाला त्या आल्या. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सासूला बोलावलंत? त्या सुनेचीच बाजू घेणार."

"साहेब, तुम्हाला आमच्या घरातलं काही माहीत नाही असं दिसतंय," आई म्हणाल्या आणि संगणकासमोर बसल्या. "वायरमास्तर, मरताना त्यानं आकडा कितीचा ठेवला?"

"कसला आकडा?"

आईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही डबल क्लिक करता आणि खिडकी मिटते. मिटली की त्याचं शेवटचं बोलणंही गेलं. ही खिडकी आपण आपल्या हातानं उघडू, आणि मग त्यात त्याला बोलावू."

बोलता बोलता त्यांनी समजावलंही. दुभाष्या उठला की चार कामं करतो. आधी आपलं घर शोधतो, म्हणजे त्याच्या सगळ्या फायली जिथं आहेत ते फोल्डर. मग तिथले नियम वाचतो. मग हत्यारं बाहेर काढतो. शेवटी अक्षरांचा तक्ता उघडतो. तक्ता उघडला की त्याला बोलता येतं. मग काही चुकलं तर तो व्यवस्थित वाक्यात सांगतो, अमुक ओळीत तमुक बिघडलं.

"पण तक्ता उघडायच्या आधीच मेला तर बोलणार कशानं? त्याच्याकडे अक्षरंच नाहीत. म्हणून मी त्याला शिकवून ठेवलंय, ज्या पायरीवर अडलास तिचा आकडा मागे ठेव आणि जा. अर्धवट उठून चुकीचे ठिपके पाडत बसू नकोस."

त्यांनी परीक्षेच्या फोल्डरातून, म्हणजे सगळे पेपर होते तिथून, दुभाष्याला हाक मारली. तो मेला. मग त्यांनी आकडा विचारला.

पडद्यावर चार आला.

"अक्षरतक्ता," आई म्हणाल्या. "तक्ता नाहीये."

वायरमास्तर हसला. त्यानं दुभाष्याचं घर उघडून दाखवलं. "हा बघा ना तक्ता. नवाकोरा. मी सकाळीच टाकलाय."

तक्ता खरंच तिथं होता. आईंनी उघडून पाहिला. एकही अक्षर कमी नव्हतं.

३

"मग तुमचा दुभाष्या खोटं बोलतोय," साहेब म्हणाले.

"तो खोटं बोलत नाही. तेवढी अक्कल मी त्याच्यात घातलेली नाही." आई खुर्चीतून उठल्या. "मला जरा माणसांशी बोलायचंय."

आधी वायरमास्तर. शुक्रवारी पाचनंतर मशीनपाशी तोच होता. मी गेले तेव्हा भाषेचा पेपर छापला जात होता, ते काम सव्वासहाला संपलं. "मी काही केलं नाही हो. मशीन आपलं आपलं चालतं. मी मध्ये चहाला गेलो, वीसेक मिनिटं. परत आलो तेव्हाही धडधड चालूच होतं. संपल्यावर बंद केलं आणि घरी गेलो."

"म्हणजे शुक्रवारी दुभाष्या धडधाकट होता?"

"एकदम."

मग मास्तर. ते त्यांच्या टेबलाशी पानांच्या ढिगाजवळ बसले होते. आईंचा आवाज ऐकताच त्यांचा चेहरा फुलला. "बाई! तुमचे टोमॅटो काय म्हणतात?"

"शेजारणीच्यापेक्षा मोठे आहेत. मास्तर, शुक्रवारी पाचनंतर काय झालं?"

"माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. दर शंभरावं पान काढून वाचायचं. अकराशेचं चांगलं होतं, बाराशेचं चांगलं होतं. तेराशेव्या पानावर एक ठिपका नीट उठला नव्हता, म्हणून मी हाक मारली. वायरमास्तर जागेवर नव्हता. साहेब होते संगणकाच्या खुर्चीत. म्हणाले, दोन मिनिटं थांबा मास्तर, मी कामात आहे. मग मीच पान बाजूला ठेवलं."

शेवटी साहेब. आईंनी अगदी नम्रपणे विचारलं, "शुक्रवारी तुम्ही संगणकावर काही केलंत का?"

"मी? मी कशाचं काही बिघडवलं नाही. उलट सगळं जपण्याचंच काम करतो मी इथं. आणि सगळे मिळून मला काय विचारता? धमकी कोणी दिली होती, ते तिला विचारा!"

मला राहवलं नाही. "धमकी नव्हती ती, राग होता!"

"तोंड," आई म्हणाल्या. अकरा वाजून गेले होते. गणिताच्या पेपरचं एकही पान झालं नव्हतं.

आई पुन्हा संगणकाशी गेल्या आणि पुटपुटल्या, "नव्यानं टाकला, तरी त्याच पायरीवर मेला. दुसऱ्यांदा टाकला, तरी तिथंच. म्हणजे नव्या घरात तो पाऊलच टाकत नाहीये." मग त्यांनी परीक्षेचं फोल्डर सोडलं, दिनदर्शिकेच्या जुन्या फोल्डरात गेल्या आणि तिथून हाक मारली.

दुभाष्या उठला! शहाण्यासारखा ओळ लिहून विचारू लागला, काय काम आहे?

वायरमास्तरनं आ वासला. मी टाळी वाजवणारच होते, तेवढ्यात साहेबांचा आवाज आला.

"म्हणजे दुभाष्या ठणठणीत आहे. बिघाड परीक्षेच्या फोल्डरात आहे. आणि परीक्षेचं फोल्डर सांभाळतं कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते फोल्डर मी सांभाळते.

४

आईंनीही माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, चांगलं निरखून पाहिलं. "तू गेल्या आठवड्यात यात काय काय घातलंस?"

"पेपरांच्या फायली. अजून काय घालणार?"

"नक्की?"

"आई!"

"मी विचारलं, नक्की का?"

"नक्की," मी म्हटलं. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू! साहेबांनी संशय घेतला तर राग येतो. घरच्या माणसानं घेतला तर रागवायचं तरी कोणावर? पोळी लाटता लाटता ज्या बाईशी मी रोज गप्पा मारते, ती मला चोरासारखं विचारत होती.

आईंनी फोल्डर उघडलं. त्यात सातशेच्या वर फायली दिसल्या.

"अगं, पेपर किती?"

"तीनशे साठ फायली. दरवर्षी तेवढ्याच."

"मग या बाकीच्या कुठून आल्या?" त्या सावकाश खाली खाली जाऊ लागल्या. एका फाईलपाशी थांबल्या, आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. "ही बघा निशाणी! वायरमास्तर, या इकडे."

दुभाष्याच्या घरात एक रिकामी फाईल असते, तिला आई निशाणी म्हणतात. ती दिसली की दुभाष्या समजतो, आलं आपलं घर. आणि शोधताना तो आधी पायाखाली बघतो. ज्या फोल्डरातून हाक आली तिथं निशाणी आहे का? नसली तरच पुढं आपल्या नेहमीच्या घराकडे जातो.

"आमच्या वेळी छापखान्यात चार संगणक होते आणि नेहमीचं घर एकातही धड नव्हतं," आई म्हणाल्या. "कामासोबतच दुभाष्या डब्यासारखा घेऊन फिरायचो. म्हणून आधी पायाखाली बघायला शिकवलं. ही चूक माझी, ती मी लिहून देते. पण ही निशाणी इथं मी ठेवलेली नाही. कोणीतरी त्याचं अख्खं घर उचलून पेपरांमध्ये ओतलंय. नियम आहेत, हत्यारं आहेत. सगळं आहे, फक्त एक फाईल नाही."

"अक्षरतक्ता," वायरमास्तर म्हणाला.

"तक्ता. तो या खोट्या घरात शिरतो, चौथ्या पायरीवर पाय टाकतो आणि पडतो. तुम्ही खऱ्या घरात पन्नास वेळा नवा आणून ठेवलात तरी काय उपयोग?"

साहेब पुढं आले. "म्हणजे कोणीतरी मुद्दाम अर्धवट घर इथं टाकलं. तक्ता तेवढा काढून घेतला. हे माहितगाराचंच काम आहे. फाईलींच्या तारखा बघू नका, तारखा बदलता येतात. मी पोलिसांना फोन करतो."

त्यांनी खरंच खिशातून फोन काढला. माझी पाचावर धारण बसली.

"करा," आई म्हणाल्या. "फक्त आधी मला एक आकडा वाचू द्या."

५

दुभाष्या दर पान छापलं की आपल्या घरातल्या एका फाईलीत पानांची संख्या लिहितो. फाईल उघडतो, आकडा लिहितो, लगेच मिटतो. वीज गेली तर कुठून सुरू करायचं ते कळावं म्हणून. घराची नक्कल झाली तेव्हा त्या फाईलीचीही नक्कल झाली होती. खऱ्या घरातला आकडा पुढं सरकत गेला, नकलेतला मात्र नक्कल केली त्या क्षणाला थांबला.

आईंनी ती फाईल उघडली. तेराशे बारा.

"आता पाळीची वही," त्या म्हणाल्या.

वही मास्तरांच्या टेबलावर होती. मीच आणून दिली. शुक्रवार, पाच वाजता, माझी सही, आणि पुढं माझ्याच अक्षरात पानं झालेली: अकराशे चाळीस.

"माझी सून गेली तेव्हा अकराशे चाळीस पानं झाली होती. ही नक्कल तेराशे बाराव्या पानाला झाली. तोवर ही घरी येऊन माझ्यासमोर तुमच्या नावानं खडे फोडत होती. मी साक्ष देईन, पण माझी साक्ष नकोच, दारावरच्या पासाची नोंद बघा. आणि तक्ता कोणी काढून घेतलेला नाही. मशीन चालू असताना दुभाष्या तो तक्ता सतत उघडा धरून बसतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. चालू कामात जो नक्कल करायला जाईल त्याला बाकी सगळ्या फायली मिळतील आणि ही एकच मिळणार नाही. ज्याला दुभाष्या माहीत आहे तो चालू मशीनवर असा उद्योग करणारच नाही. हे माहितगाराचं काम नाही साहेब. हे अजिबात माहिती नसलेल्याचं काम आहे."

मग मास्तरांनी त्यांच्या जागेवरून शांतपणे विचारलं, "तेराशे बारा म्हणालात का बाई?"

"हो मास्तर."

"तेराशेवं पान माझ्या बोटाखाली होतं तेव्हा खुर्चीत साहेब होते."

साहेबांचा फोन अजून हातातच होता. त्यांचा चेहरा पडला. "मी... मी नुकसान करायला नव्हतं केलं हो," ते म्हणाले. "ह्या बाई तसं ओरडून गेल्या. मला वाटलं, शनिवारी-रविवारी येऊन काही पुसून टाकतील. परीक्षेच्या फोल्डरची प्रत रोज संध्याकाळी आपोआप मुख्य कचेरीत जाते. म्हटलं, सगळं त्यातच टाकून ठेवू, म्हणजे सुरक्षित राहील. एक फाईल येत नव्हती. पुन्हा प्रयत्न करू की सोडून देऊ, असं संगणकानं विचारलं. मी सोडून द्या दाबलं. चारशेतली एकच तर होती!"

"त्या एकीतच सगळी अक्षरं होती," आई म्हणाल्या.

वायरमास्तर उसळला. "आणि सकाळपासून आम्हाला सांगितलं नाहीत? दोनदा काढून नव्यानं टाकला मी तो!"

"मला काय माहीत त्याचा ह्याच्याशी संबंध आहे! मी तर जपून ठेवलं होतं. ती निशाणी सापडली तेव्हा लक्षात आलं, पण मग कबूल करायची हिंमत झाली नाही."

मला हसू आवरेना. तीन तास मला जाळ्यात अडकवणारा माणूस स्वतःच मला घाबरून हे करून बसला होता. चांगली मोठ्यानं हसले मी. मग एकदम डोळेही भरून आले, आणि या वेळी मी ते लपवले नाहीत.

६

आईंनी ती सगळी नक्कल उचलून बाहेर ठेवली. परीक्षेच्या फोल्डरात पुन्हा तीनशे साठ फायली राहिल्या. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "उठव त्याला."

मी हात लावला नाही. साहेबांकडे वळून म्हटलं, "माझा पास माझ्याकडे नाही. ज्यांनी घेतला त्यांनी द्यावा. आणि सकाळी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंत, आता सगळ्यांसमोरच मागे घ्या."

साहेबांनी पास पुढं केला. "चूक माझी होती बाई. तुम्ही काही केलेलं नव्हतं."

"मास्तरांना ऐकू गेलं का?"

"स्वच्छ ऐकू आलं!" मास्तर म्हणाले.

"आणि पेपर तपासून जाईल."

"तपासून जाईल," साहेब म्हणाले. "पानन् पान."

मी हाक मारली. दुभाष्या उठला, चारही पायऱ्या चढला, आणि मशीननं पहिलं पान धाडकन छापलं. काय तो आवाज! अकरा वर्षं रोज ऐकला, पण त्या दिवशी जिवात जीव आला. मास्तरांच्या टेबलावर पानं पडू लागली, त्यांची बोटं भराभर फिरू लागली. एकोणतिसाव्या पानावर त्यांनी हात वर केला. मजकुरातच एक ठिपका जास्तीचा होता, भागाकाराच्या उदाहरणात. पाठवला असता तर ते उदाहरण कोणालाच सुटलं नसतं. मी दुरुस्त केला, पान पुन्हा काढलं. वायरमास्तर गठ्ठे बांधायला लागला आणि साहेबसुद्धा बाह्या वर करून त्याच्या जोडीला उभे राहिले.

तेवढ्या वेळात आई शेजारच्या संगणकावर दुभाष्याला नवं शिकवत होत्या. आता मरताना तो आकड्यासोबत कुठल्या घरात मेला त्याचा पत्ताही ठेवणार होता. पत्ता लिहायला लागतात त्या मोजक्या अक्षरांचे आकार त्यांनी त्याच्या पोटातच कोरून टाकले, तक्त्यावाचून चालतील असे. खोटं घर करून त्यांनी त्याला सात वेळा मारून पाहिलं, आणि सातही वेळा त्यानं पत्ता बरोबर सांगितला.

चारला दहा कमी असताना शेवटचा गठ्ठा दारात पोचला. गाडी आली, पेपर चढले, गाडी गेली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. साहेबांनी जरा उशिरा, पण वाजवल्या.

परतताना आम्ही बस थांब्यावर उभ्या होतो. मनातलं विचारल्याशिवाय मला चैन पडेना.

"आई, तुम्ही मला फोल्डरचं विचारलंत तेव्हा तुम्हाला खरंच वाटलं होतं का, की मीच केलं असेल?"

"वाटलं होतं."

माझा चेहरा उतरला असणार. त्यांनी माझा दंड धरला.

"तुझा राग मला माहीत आहे. तेव्हा वाटलं, आणि तो तेराशे बाराचा आकडा वाचेपर्यंत वाटत होतं. सून म्हणून तुला सोडवली असती तर उद्या सगळे म्हणाले असते, सासूनं वाचवली. आता कोणाची टाप आहे? तू केलं नव्हतंस म्हणून सुटलीस."

बस आली. त्या आधी चढल्या, आणि वरून वळून मला म्हणाल्या, "आणि केलं असतंस ना, तर मीच पोलिसांना फोन लावला असता."

"माहितीये मला," मी म्हटलं, आणि अख्ख्या बसमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हसत वर चढले.